साठ-शून्य आणि नेत्याचे बळ

आपल्या देशाच्या राजकारणात 'साठ-शून्य' हे दोन शब्द उच्चारले की लहानथोर सर्वांना त्यांचा अर्थ कळतो. मॉरिशस बेटावरील २० मतदारसंघांतील ६० च्या ६० जागा एकाच आघाडीने जिंकण्याचा प्रसंग १९८२, १९९५ आणि २०२४ असा तीन वेळा आला. एवढे बळ हाती आलेल्या नेत्याने आपल्या सहकाऱ्यांशी कसे वागावे, हा प्रश्न प्रत्येक वेळी नव्याने उभा राहतो.

जून १९८२ मध्ये एम.एम.एम. आणि पी.एस.एम. यांच्या आघाडीने सर शिवसागर रामगुलाम यांच्या पक्षाला भुईसपाट केले. अनिरुद्ध जगन्नाथ पंतप्रधान झाले, तर पॉल बेरांजे अर्थमंत्री. समोर विरोधक जवळजवळ उरलेच नव्हते. तरीही मार्च १९८३ मध्ये, म्हणजे अवघ्या नऊ महिन्यांत, बेरांजे व त्यांच्या साथीदार मंत्र्यांनी राजीनामे दिले. काटकसरीचे आर्थिक धोरण, भाषेचा प्रश्न आणि पंतप्रधानांचे अधिकार अशी वादाची कारणे होती. पण त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट होती : अंतिम शब्द कोणाचा, हे आधी नीट ठरलेले नव्हते. जगन्नाथ डगमगले नाहीत. त्यांनी नवा पक्ष काढला आणि ऑगस्ट १९८३ ची निवडणूक जिंकली. त्यांचा कणखरपणा सिद्ध झाला खरा. परंतु लोकांनी मोठ्या आशेने निवडलेले सरकार मोडले ते मोडलेच.

डिसेंबर १९९५ मध्ये नवीन रामगुलाम व बेरांजे यांच्या आघाडीने पुन्हा साठ जागा जिंकल्या. जून १९९७ मध्ये बेरांजे मंत्रिमंडळाबाहेर गेले आणि तीही जोडी फुटली.

असे का व्हावे? विरोधी बाके भरलेली असली की सरकारातील माणसे आपोआप एकत्र राहतात. ती रिकामी झाली की टीका करण्याचे काम सहकाऱ्यांवरच येते. अशा वेळी नेत्याला प्रत्येक प्रश्नात बंडखोरीचा वास येऊ लागला तर घर फिरते. उलट बाजूही आहे. सहकाऱ्याने आपले म्हणणे बैठकीत न मांडता चव्हाट्यावर मांडले, तर नेत्यालाही माघार घेण्यास जागा उरत नाही. मान हा दोन्ही बाजूंनी द्यावा लागतो.

याच दोन माणसांनी वेगळा धडाही घालून दिला आहे. २००० साली जगन्नाथ व बेरांजे पुन्हा एकत्र आले. पहिली तीन वर्षे जगन्नाथ आणि उरलेली दोन बेरांजे, असा करार झाला. तो पाळला जाईल यावर अनेकांचा विश्वास नव्हता. पण ३० सप्टेंबर २००३ रोजी सर अनिरुद्ध यांनी खुर्ची सोडली आणि बेरांजे पंतप्रधान झाले. १९८३ मध्ये खुर्ची राखताना जेवढे धैर्य लागले, तेवढेच २००३ मध्ये ती सोडताना लागले असेल. आमच्या मते दुसरे बळ अधिक मोलाचे, कारण त्यात दिलेल्या शब्दाची किंमत होती.

नोव्हेंबर २०२४ मध्ये तिसऱ्यांदा साठ-शून्य झाले, तेव्हाही जोडी रामगुलाम-बेरांजे यांचीच होती. म्हणूनच मागील दोन प्रसंगांची आठवण जागी ठेवणे अगत्याचे आहे.

आपण मराठी माणसे तर शिवरायांचे नाव अभिमानाने घेतो. १६६६ मध्ये महाराज आग्र्यात अडकले असताना जिजाऊंच्या देखरेखीखाली स्वराज्याचा कारभार चालू राहिला, कारण माणसांवर कामे विश्वासाने सोपविलेली होती. आपल्या गावोगावच्या मंडळांतही अध्यक्षाने सर्वांचे ऐकावे, निर्णय ठामपणे घ्यावा, आणि वेळ येताच तरुणांच्या हाती सूत्रे द्यावीत. सरकार असो वा गणेशोत्सवाची समिती, नियम एकच आहे.