लेस्टरच्या दवाखान्यात माझ्या गोळ्यांची झडती

परदेशी जाऊन आलेला माणूस पारावर आला की त्याला विचारायचे प्रश्न ठरलेले असतात. विमानात काय खायला दिलं, थंडी किती, आणि तिकडे मजुराला रोजाचे किती पडतात. २०२४ च्या दिवाळीनंतर मी आणि आमची मंडळी दोन महिने इंग्लंडात लेकीकडे राहून आलो, तेव्हा मलाही हेच विचारलं गेलं. मी उत्तरं दिली. पण त्यातले पाच दिवस मी तिथल्या एका दवाखान्यात वेगळ्या खोलीत पडून होतो, हे कुणाला सांगितलं नाही. लाज वाटत होती. आता सांगतो, कारण या गोष्टीचा संबंध माझ्यापेक्षा आपल्या गोठ्याशी, कोंबड्यांच्या शेडशी आणि गावातल्या मेडिकलशी जास्त आहे.

लेक-जावई लेस्टर शहरात राहतात. तिथे गुजराती वस्ती इतकी, की भाजीच्या दुकानात भेंडी, कारली, मेथी, सगळं मिळतं. त्यामुळे आमच्या मंडळींना पहिले आठ दिवस परकं असं काही वाटलंच नाही. मग त्यांचा घसा धरला, थोडी कणकण आली. मी जावईबापूंना म्हटलं, जाता जाता मेडिकलमधून अॅझीच्या तीन गोळ्या घेऊन या. ते हसले. म्हणाले, "बाबा, इथे तशा देत नाहीत." तरी मला घेऊन गेले. दुकानदार बाई शिकलेल्या होत्या. त्यांनी चार प्रश्न विचारले आणि सांगितलं, तापाची साधी गोळी घ्या, गरम पाण्यात मध घ्या, पाच-सहा दिवसांत उतरेल. मला राग आला. इतक्या लांब येऊन मध घ्यायचा, तर आमच्या आजीनं काय वाईट सांगितलं होतं? घरी आलो आणि माझ्या पिशवीतल्या गोळ्या काढून दिल्या. ही पिशवी लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

विसाव्या दिवशी मलाच हुडहुडी भरून ताप आला. लघवीला आग, मग लघवी तुंबली. त्याच वर्षी मार्च महिन्यात माझं प्रोस्टेटचं ऑपरेशन आपल्याकडे झालं होतं, त्याचंच काही असेल म्हणून लेक घाबरली. तिकडे १११ नंबरला फोन करून विचारायची सोय आहे. त्यांनी ताबडतोब इमर्जन्सीत जा म्हणून सांगितलं. आता इथे तिकडचं फार कौतुक करायला नको. चार तासांत रुग्णाचा निकाल लावायचा हे त्यांनी स्वतः ठरवलेलं माप, आणि मी प्लास्टिकच्या खुर्चीवर सात तास बसलो. आपल्या गावातला डॉक्टर रात्री दोनला कडी वाजवली तरी बंडी घालून बाहेर येतो. हेही लिहून ठेवलं पाहिजे.

दाखल करताना नर्सनं कागद पुढे घेतला आणि विचारलं, गेल्या १२ महिन्यांत परदेशातल्या एखाद्या रुग्णालयात दाखल होता का? परदेश म्हणजे आपला देश, हे कळायला मला क्षणभर लागला. म्हटलं, होय, सहा दिवस. झालं. मला मोठ्या हॉलमध्ये न नेता एकट्याच्या खोलीत ठेवलं. दारावर पाटी लागली. आत येणारा प्रत्येकजण प्लास्टिकचा एप्रन आणि हातमोजे घालून येणार, जाताना ते काढून टाकणार आणि हात धुणार. नमुना घ्यायला एक काडी फिरवली. ती कुठे फिरवली ते पेपरात लिहिण्यासारखं नाही. मी ६८ वर्षांचा माणूस, पंचायतीत दहा वर्षं बसलेला. वेशीबाहेर ठेवल्यासारखं वाटलं. लेकीला म्हटलं, मला घरी ने, हे लोक आपल्याला घाण समजतात.

त्या रात्रीची डॉक्टर केरळची निघाली. मोडक्या हिंदीत माझ्याशी बोलली. म्हणाली, "अंकल, तुमचा राग बरोबर आहे. पण ही पाटी तुमच्यासाठी नाही, तुमच्या पोटात एखादा जंतू आला असेल तर त्याच्यासाठी आहे." आणि मग तिनं जे सांगितलं, ते मी तुम्हाला आपल्या भाषेत सांगतो.

कपाशीवाल्यांना हे चटकन कळेल. बीटी कापूस आला, बोंडअळी गेली, आपण निर्धास्त झालो. पुढे गुलाबी बोंडअळी त्याला सरावली आणि २०१७ साली विदर्भात तिनं काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. एकच औषध पुन्हा पुन्हा फवारलं, तेही अर्ध्या मात्रेनं, की दुबळ्या अळ्या मरतात आणि चिवट उरतात. पुढची पिढी चिवटांचीच. प्रतिजैविकांचं, म्हणजे अँटिबायोटिकचं तसंच आहे. फरक एवढाच, की बोंडअळी आपली युक्ती माव्याला किंवा तुडतुड्याला शिकवत नाही. जंतू शिकवतात. एका जातीच्या जंतूकडून दुसऱ्या जातीच्या जंतूकडे ती युक्ती जशीच्या तशी जाते.

अशा एका युक्तीला आपल्या राजधानीचं नाव आहे. २००८ साली स्वीडनमध्ये एका भारतीय वंशाच्या रुग्णाच्या नमुन्यात असा जंतू सापडला, की शेवटची राखून ठेवलेली औषधंही त्याला चालेनात. तो गृहस्थ आधी दिल्लीत दवाखान्यात होता, म्हणून त्या गुणाला 'न्यू दिल्ली' हे नाव पडलं. एनडीएम-१ म्हणतात ते हेच. २०१० मध्ये त्यावर मोठा लेख छापून आला तेव्हा आपल्याकडे गदारोळ झाला. देशाची बदनामी, परदेशी रुग्ण इकडे येऊ नयेत म्हणून केलेला कावा, असं बोललं गेलं. शहराचं नाव द्यायला नको होतं, हे मलाही पटतं. पण २०११ मध्ये दिल्लीतल्या पाण्याचे नमुने तपासले, तर साचलेल्या सांडपाण्याच्या १७१ पैकी ५१ नमुन्यांत आणि नळाच्या ५० पैकी २ नमुन्यांत तो गुण निघाला. नावावर भांडलो, नळाचं काय?

तिसऱ्या दिवशी माझ्या लघवीचा रिपोर्ट आला. औषधांची उभी यादी आणि पुढे एकेक अक्षर. 'एस' म्हणजे औषध लागू पडतं, 'आर' म्हणजे पडत नाही. लेकीनं वाचून दाखवलं. ज्या गोळ्या मी आयुष्यभर खिशातल्या बडीशेपेसारख्या खाल्ल्या, त्या सगळ्यांपुढे 'आर'. जुलाब झाला की सिप्रो, अंग मोडलं की सेफिक्झिम, दोन्ही बाद. एक इंजेक्शन लागू होतं, त्यावर मी वाचलो. काडीच्या तपासणीत मात्र तो सर्वात वाईट जंतू नव्हता, म्हणून दारावरची पाटी काढली.

त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी माझी पिशवी मागितली. गादीवर ओतली. नऊ प्रकारच्या गोळ्या, त्यांतल्या तीन पाकिटांच्या मागे उभी लाल रेघ. आणि तिन्ही अर्धी. "अंकल, अर्धी का?" म्हटलं, ताप गेला म्हणून थांबलो. "आणि उरलेल्या?" म्हटलं, कुणाला लागल्या की देतो. गेल्या सुगीत सालगड्याच्या पोराला दिल्या होत्या. हे सांगताना माझी मान खाली गेली. लाल रेघेचा अर्थ मला तोवर माहीत नव्हता. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये अशी ती खूण आहे, आणि २०१६ पासून आपलं सरकारच ती ओळखा म्हणून सांगत आलं आहे.

ज्यानं पेनिसिलिन शोधलं, त्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ मध्ये तो शोध लंडनमध्ये लावला. १९४५ मध्ये नोबेल पारितोषिक घेताना त्यांनी बजावलं होतं, की उद्या हे औषध दुकानात कुणालाही मिळेल आणि न कळणारा माणूस अपुरी मात्रा घेऊन जंतूंना पक्कं करून ठेवील. तो न कळणारा माणूस मीच की.

खर्चाचंही सांगतो, कारण आता गावोगावची आईबापं पोरांकडे जाऊ लागली आहेत. तिकडे इमर्जन्सीतला उपचार पाहुण्यालाही फुकट. पण दाखल करून घेतलं की दीडपट दरानं बिल लागतं. विमा काढला होता, तर कंपनीनं आधीचं ऑपरेशन काढून खोडा घातला. जावईबापूंनी पैसे भरले. आकडा लिहीत नाही, त्यात चार-पाच चांगल्या संकरित गाई आल्या असत्या. तेव्हा विमा घेताना जुना दुखणाबाणा लपवू नका आणि अटी पोराकडून वाचून घ्या. यात एक गोष्ट मात्र मला फार शहाणपणाची वाटली. क्षयासारखा संसर्गाचा रोग असेल तर त्याची तपासणी आणि औषधं तिथे पाहुण्यालाही फुकट. पैशासाठी एकाला औषध नाकारलं तर रोग दहा जणांना होतो, हा हिशेब त्यांनी केलेला आहे.

घरी सोडल्यावर जावयांच्या ओळखीच्या एका दूधवाल्या शेतकऱ्याच्या गोठ्यावर गेलो. माझं मन तिथेच लागलं. दीडशे गाई. एका गाईच्या मागच्या पायाला लाल पट्टी बांधलेली. दगडी झालेली, सडात औषध सोडलेली. पट्टी सुटेपर्यंत तिचं दूध टाकीत जात नाही, वेगळं काढून टाकतात. औषध कोणतं, कधी, कुठल्या गाईला, हे वहीत लिहायचं आणि वही पाच वर्षं जपायची, असा तिथला कायदाच आहे. चुकून त्या दुधाचा थेंब टँकरमध्ये सापडला, तर सगळ्या टँकरची भरपाई आपल्याला द्यावी लागते, असं तो सांगत होता. जनावरं लवकर वाढावीत म्हणून खाद्यात ही औषधं मिसळणं युरोपात २००६ पासून बंद आहे. २०१४ नंतरच्या दहा वर्षांत ब्रिटनच्या शेतकऱ्यांनी जनावरांसाठीची अँटिबायोटिकची खरेदी निम्म्याहून खाली आणली. त्यात धंदा बुडाला असं काही दिसलं नाही.

मी त्याच्यापुढे गप्प होतो. आमच्या गाईला दगडी झाली तेव्हा मी तीन दिवस ट्यूब सोडली आणि तिन्ही दिवस दूध डेअरीला घातलं. तुम्ही नाही घालत? वास्तविक आपल्याकडेही नियम आहे. २०१२ पासून अशा औषधाच्या लेबलवर, दूध किंवा मांस किती दिवस विकायचं नाही ती मुदत छापावी लागते. मुदत दिलेली नसेल तर दूध-अंड्यांसाठी किमान ७ दिवस आणि मांसासाठी २८ दिवस धरायचे. कोंबड्यांच्या खाद्यात घालायचं कोलिस्टिन २०१९ मध्ये बंद केलं, कारण माणसाला वाचवायला ते शेवटच्या औषधांपैकी एक आहे. मेडिकलवाल्यानं भारी अँटिबायोटिकची विक्री वेगळ्या रजिस्टरात, डॉक्टर आणि रुग्णाच्या नावासह लिहायची, हा नियम १ मार्च २०१४ पासून आहे. तुमच्या गावात ते रजिस्टर कुणी पाहिलंय?

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं पोटभरल्याचं बोलणं. ज्याचा रोज बुडतो तो रिपोर्टची वाट बघत तीन दिवस बसणार आहे का? बरोबर आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात लघवीचं कल्चर होत नाही, आणि तालुक्याला जायचं तर भाड्यालाच पैसे जातात. डॉक्टरनं सुई टोचली नाही तर आपणच त्याला कच्चा डॉक्टर म्हणतो आणि दुसऱ्याकडे जातो, मग तोही टोचायला लागतो. दोष एकट्या कुणाचा नाही. पण घशाच्या साध्या दुखण्याला गोळी न मागणं, याला खर्च काय येतो? दगडीच्या गाईचं सात दिवसांचं दूध टाकायला मात्र खर्च येतो, आणि तो लहान शेतकऱ्याला झेपणारा नाही. इथे डेअरीनं हात द्यायला हवा. चांगल्या फॅटला ज्यादा दर देता, तर औषध लिहून ठेवणाऱ्याला, आजारी गाईचं दूध बाजूला काढणाऱ्याला काही का देऊ नये? संघाच्या सभेत हा प्रश्न कुणी विचारत नाही.

सरपंच आणि ग्रामसेवक भाऊसाहेब, तुमच्याकडेही एक काम येतं, आणि ते जुनंच आहे. गावात जुलाब सुरू झाले की घरोघरी सिप्रो-मेट्रोची पाकिटं फुटतात. पुष्कळशा जुलाबांना ती लागतच नाहीत. मीठ-साखरेचं पाणी आणि लहान मुलांना झिंकची गोळी लागते. ते जुलाबच कमी झाले तर गोळ्यांचा निम्मा प्रश्न आपोआप सुटतो. म्हणजे टीसीएल पावडर वेळेवर पडली पाहिजे, आणि तिची तपासणी टाकीखालच्या नळाला करून चालणार नाही, गावाच्या शेवटच्या नळाला केली पाहिजे. पावडरचं पोतं पंचायतीच्या खोलीत ओलीत पडून निकामी झालेलं मी स्वतः पाहिलं आहे. मी तेव्हा पंच होतो, आणि काही बोललो नव्हतो.

लेस्टरहून निघताना डॉक्टरीणबाईंनी उरलेल्या गोळ्या मेडिकलमध्ये परत द्यायला लावल्या. तिकडे नको असलेली औषधं दुकानदार परत घेतो आणि नष्ट करायला पाठवतो. घरी आलो तर कोनाड्यात बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यात आणखी चौदा पाकिटं. गाईच्या सडात सोडायच्या दोन ट्यूबसुद्धा. आपल्या मेडिकलवाल्याला विचारलं, परत घेतोस का? तो म्हणाला, "आण्णा, विकत घ्यायला या, परत कसलं घ्यायचं?" उकिरड्यात टाकाव्यात तर कोंबड्या उकरतात, ओढ्यात टाकाव्यात तर पुन्हा तेच पाणी. डबा कुलूप लावून ठेवला आहे. येत्या ग्रामसभेत तो घेऊन जाणार आहे आणि टेबलावर ठेवून विचारणार आहे, याचं काय करायचं ते लिहून घ्या. तुमच्या घरी असा डबा असेल, तर तुम्हीही आणा.