सातबाऱ्यावर नसलेला शेतकरी

परवा कँटीनमध्ये पुन्हा तोच विषय निघाला. एक मित्र म्हणाला, "कोव्हिडमध्ये आपले पगार कापले, आणि शेतकऱ्यांना घरबसल्या दोन-दोन हजार!" तिथे वाद घालायचा कंटाळा आला, म्हणून इथे लिहितोय.

पहिली गोष्ट, ती वेगळी मदत नव्हतीच हो! २६ मार्च २०२० ला जाहीर झालेल्या पॅकेजमध्ये पीएम-किसानचे २००० रुपये होते. पण ही योजना २०१९ पासूनच चालू होती. वर्षाला ६००० रुपये, तीन हप्त्यांत. त्यातलाच एक हप्ता एप्रिलच्या सुरुवातीला दिला, एवढंच. कंपनीने तुमचा पगार चार दिवस आधी दिला आणि त्याला बोनस म्हटलं, तर चालेल तुम्हाला? आणि ६००० भागिले ३६५ करून बघा. दिवसाला साडेसोळा रुपयेसुद्धा होत नाहीत.

दुसरी गोष्ट आमच्या घरातलीच आहे. वाशिम जिल्ह्यात, रिसोड तालुक्यात आमची चार एकर कोरडवाहू जमीन आहे. सातबारा बाबांच्या नावावर, आणि बाबा पुण्यात माझ्याकडे. शेत करतात गावातले एक काका, बटईने. त्यांची स्वतःची गुंठाभरही जमीन नाही. तर एप्रिल २०२० मध्ये पैसे जमा झाल्याचा मेसेज कोणाला आला? बाबांना! काकूंच्या जनधन खात्यात तीन महिने ५००-५०० आले, रेशनचं धान्य मिळालं, हे खरं. पण 'शेतकरी' म्हणून काकांना शून्य. त्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून राज्यभर तक्रारी झाल्या. काकांवरही दुबार पेरणी आली.

आम्ही सॉफ्टवेअरवाले 'पैसे थेट खात्यात, मध्ये गळती नाही' म्हणून खूश. पण मुळात टेबलच चुकीचं असेल तर? योजनेची अटच जमिनीची मालकी. ज्याची नोंदच नाही त्याचं पेमेंट फेल होत नाही, एररही येत नाही. रिपोर्ट आपला हिरवागार!

"मग लेखी करार करा ना," तुम्ही म्हणाल. मीही बाबांना तेच म्हणालो. बाबा म्हणाले, "अन् उद्या कूळ लागलं म्हणजे?" ही भीती गावोगाव आहे, म्हणून सगळा व्यवहार तोंडी. यावर उपाय नाही असं मात्र नाही. ओडिशाच्या कालिया योजनेत बटईदार आणि भूमिहीनही धरले होते. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये मालकी हक्काला धक्का न लावता ११ महिन्यांच्या कराराचा कायदा केला. आपल्याकडे का नको?

५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांनी १८ वा हप्ता आमच्याच वाशिम जिल्ह्यातून सोडला. सुमारे ९.४ कोटी शेतकरी, २०,००० कोटी रुपये. पुण्यात बाबांचा मोबाइल वाजला. काका तेव्हा आमच्याच शेतात सोयाबीन सोंगत होते.

हे पैसे काकांना द्यावेत, हे सुचायलाही आम्हाला वर्ष लागलं. आता बाबा देतात. पण ती आमची मर्जी झाली, काकांचा हक्क नव्हे.

असो. मित्राला एवढंच सांगायचंय, २०२० मध्ये घरबसल्या पैसे मिळाले ते राबणाऱ्याला नाही. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये, आम्हाला.