इंग्रजीची किल्ली आपल्याच घरात

परवा लोणावळा लोकलमध्ये कामशेतला एक बाई मुलीला घेऊन चढल्या. मुलीच्या हातात इंग्रजीची वही. ‘सी’, ‘लुक’, ‘वॉच’ या तिन्ही शब्दांपुढे तिनं एकच अर्थ लिहिला होता, ‘पाहणे’.

‘‘आई, मग फरक काय गं?’’

‘‘मला नाही बाई येत तुझं इंग्लिश. आम्ही मराठी मीडियमवाल्या. मॅडमना विचार,’’ असं म्हणून आई खिडकीबाहेर बघू लागली.

मला ते फार लागलं. 2000 साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी ते पाचवीत भेटायचं. म्हणून आपल्यातल्या कितीतरी जणी मुलांच्या इंग्रजीपुढे आधीच हात टेकतात. पण मैत्रिणींनो, माझं म्हणणं असं, की तो फरक त्या आईला पक्का माहीत होता. फक्त मराठीत!

पावसाळ्यात खंडाळ्याच्या राजमाची पॉइंटवर उभं राहून आपण किल्ल्याकडे बघतो, पण धुक्यात तो दिसत नाही. ‘बघणं’ म्हणजे लुक, ‘दिसणं’ म्हणजे सी. आणि टीव्हीवरची मालिका लक्ष देऊन बघत बसणं म्हणजे वॉच. गाडीचा भोंगा ‘ऐकू येतो’ ते हिअर, गाडी कुठल्या फलाटावर येणार हे कान देऊन ‘ऐकतो’ ते लिसन. ‘शिकणं’ लर्न, ‘शिकवणं’ टीच. ‘आठवणं’ रिमेंबर, ‘आठवण करून देणं’ रिमाइंड. शेजारणीकडून वाटीभर साखर ‘उसनी घेतली’ की बरो, तिला ‘उसनी दिली’ की लेंड.

सगळीकडे मराठी कामाला येते असं नाही हं. आपण चहाही ‘करतो’ आणि गृहपाठही ‘करतो’. इंग्रजीत मात्र चहा मेक, गृहपाठ डू. नवं काही तयार झालं की बहुधा मेक, काम उरकलं की डू. पण चूकसुद्धा तिथे ‘मेक’च होते! असे शब्द जोडीनंच पाठ करावेत.

आई ‘मला येत नाही’ म्हणून गप्प बसली, की लेक इंग्रजीबरोबर आणखी एक धडा शिकते : आईची भाषा बिनकामाची. हा धडा इंग्रजीतल्या चुकीपेक्षा महाग पडतो.

मी धीर करून त्या मायलेकींना राजमाचीचं उदाहरण सांगितलं. आई क्षणभर थांबली आणि लेकीला म्हणाली, ‘‘अगं, काल चष्मा कपाटातच होता. तू बघत होतीस, पण तुला दिसला नाही. तसं!’’

लोणावळा येईपर्यंत वहीत तीन वेगळे अर्थ लिहून झाले होते. सांगणारी आईच होती.