पित्ताशयाचे ऑपरेशन

दिवाळीच्या अंकात जठराच्या शस्त्रक्रियेवर लिहिणे हा औचित्यभंग आहे, हे मला मान्य आहे. वाचकाच्या एका हातात अंक आणि दुसऱ्या हातात चकली असण्याचे हे दिवस. पण करणार काय? ज्या मंडळींशी मला भांडायचे आहे ती वर्षातून एकदा, याच चार दिवसांत, फराळाच्या ताटाभोवती गोळा झालेली सापडतात. आणि त्या मंडळींत मीही आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे कुणी ते मला दाखवून देण्याची तसदी घ्यायला नको.

माझ्या वहिनींवर २०२२ साली पुण्यात वजन उतरवण्याची शस्त्रक्रिया झाली. तेव्हा त्यांचे वय ४६, उंची पाच फूट एक इंच आणि वजन ११४ किलो. मधुमेहासाठी दिवसातून दोनदा इन्शुलिन, रात्री झोपेत श्वास अडकू नये म्हणून नाकावर यंत्राचा मुखवटा, आणि माडीवर जाताना जिन्यात दोनदा विसावा. आमचे सांगलीचे घर मोठे. नातेवाइकांचा गोतावळा त्याहून मोठा. पुण्याला जाताना या सर्वांना काय सांगायचे, असा प्रश्न पडला. दादा म्हणाला, खरे ते सांगू. तेव्हा मीच म्हटले, "कशाला? पित्ताशयात खडे झाले म्हणून सांगा. पोटावर भोके पडणार ती सारखीच!" माझ्या या हजरजबाबीपणाचे त्या दिवशी घरात कौतुक झाले.

ही थाप आम्हांला मारावीशी का वाटली? कारण लठ्ठ माणसाकडे आपण रोगी म्हणून पाहत नाही, आरोपी म्हणून पाहतो. "तोंडावर ताबा नाही" हा त्याच्यावरचा आरोप. पुरावा तो अंगावरच वागवत असतो, तेव्हा साक्षीदारांची गरज नाही. मग त्याने शस्त्रक्रिया करून घेतली, की ती शिक्षा चुकवण्यासाठी काढलेली पळवाट ठरते. आमच्या एका काकांची हृदयाची बायपास झाली तेव्हा आम्ही रांगेने नारळपाणी घेऊन भेटायला गेलो. काका चाळीस वर्षे विड्या ओढीत होते, पण त्याचा उच्चार कोणी केला नाही. जठराची बायपास करून आलेल्या बाईला मात्र आपण विचारतो, "रोज थोडे चालली असतीस तर?"

अहो, चालल्या होत्या! आयर्विन पुलावरून पहाटेच्या अंधारात वहिनी पाच वर्षे चालल्या. अंधारात अशासाठी, की उजेडात शाळेची पोरे हसत. दुधीचा रस झाला, मध-लिंबू झाले, गव्हांकुर झाले, संध्याकाळी सातनंतर तोंडाला कुलूप लावून झाले. एका वर्षी १४ किलो उतरले आणि पुढच्या दीड वर्षात १७ चढले. हा काही वहिनींच्या स्वभावातला दुबळेपणा नव्हे. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून पाहिले. ते स्वेच्छेने आलेले, मनाने खंबीर असे तरुण होते. काही आठवड्यांत त्यांना अन्नावाचून दुसरे काही सुचेना. त्यांतले काहीजण पाककृतींची पुस्तके वाचीत बसू लागले. प्रयोग संपून पोटभर अन्न मिळू लागले तरी कित्येकांची भूक शमेना. शरीर उतरलेल्या वजनाचा हिशेब एखाद्या सावकारासारखा ठेवते आणि व्याजासकट वसूल करते. ३६ धडधाकट तरुणांना जे साधले नाही, ते आपण नणंदा-भावजया एकमेकींकडून मागत असतो.

आणि सगळ्यांची शरीरे कुठे सारखी असतात? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन या दोघांचे एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. उंचीच्या मानाने दोघांचेही वजन तंतोतंत सारखे. पण शरीरातील चरबी मोजली तर साहेबांची ९.१ टक्के, आणि आपल्या डॉक्टरांची २१.२! दिसायला दोघेही सडपातळ. आपल्याकडचे मूल जन्मतःच वजनाला कमी पण चरबीला पुरेसे असते, हे याज्ञिकांनी पुण्याच्या नवजात बालकांवरून दाखवले आहे. तेव्हा जी बाई पाळण्यातूनच हे ओझे घेऊन आली, तिच्या ताटातल्या पोळ्या मोजणाऱ्या आपण कोण?

आता 'सोपा मार्ग' म्हणतात तो कसा असतो ते ऐका. या शस्त्रक्रियेचे मूळ अमेरिकेतील आयोवा येथे एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली सुरू केलेल्या पद्धतीत आहे. जठराचा वरचा एवढासा भाग, दोन मोठे चमचे मावतील इतका, वेगळा करायचा आणि तो थेट पुढच्या आतड्याला जोडायचा. दुसऱ्या एका प्रकारात जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग कापूनच टाकतात. यात नुसती पिशवी लहान होते असे नव्हे, पोट आणि मेंदू यांच्यातली बोलणीच बदलतात. जठरातून भुकेचा सांगावा नेणारा एक स्राव १९९९ साली जपानी शास्त्रज्ञांनी शोधून काढला. भूक ही हावरटपणाची नव्हे, रसायनाची गोष्ट आहे, हे तेव्हापासून तरी आपल्याला कळायला हरकत नव्हती. वहिनींचे इन्शुलिन आठ दिवसांत निम्म्यावर आले, तोवर वजन म्हणण्यासारखे उतरलेही नव्हते!

पण त्यापुढे? पहिले दोन आठवडे घोटाघोटाने पातळ पदार्थ. मग मुगाचे कढण, कुस्करलेले पनीर, अर्धी वाटी मऊ भात, तोही अर्धा तास चावून. जेवताना पाणी प्यायचे नाही. एक घास घाईने गेला तर छातीत दगड बसल्यासारखे होऊन तो परत येतो. चौथ्या महिन्यात केस गळू लागले, फणी भरभरून. वजन उतरले तशी दंडाची आणि पोटाची कातडी ओघळली. तिच्या घडीत उन्हाळ्यात पुरळ उठते. बी-१२, लोह, कॅल्शियम, 'ड' जीवनसत्त्व हे सारे जन्मभर घ्यायचे, आणि रक्त तपासायचे तेही जन्मभर. गोड खाल्ले तर अर्ध्या तासात घाम, धडधड आणि भोवळ. हे सारे ज्यांना सोपे वाटते, त्यांनी आज संध्याकाळपर्यंत जेवताना पाणी न पिऊन पाहावे.

शरीराचे झाले. मनाचे कोणी विचारीतच नाही. पाहुण्यांना वाढून झाल्यावर स्वयंपाकघरात ताट घेऊन बसणे, हा वहिनींचा वीस वर्षांचा एकमेव विरंगुळा होता. तो गेला, आणि त्या जागी दुसरे काय ठेवायचे ते कोणी सांगितले नाही. एकदा त्या मला म्हणाल्या, "वन्सं, पूर्वी दुकानदार माझ्यामागच्या बाईला आधी विचारायचा. आता मला 'या ताई' म्हणतो. मग इतके दिवस मी कुठे होते?" याला मला उत्तर देता आले नाही. स्वीडनमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, या शस्त्रक्रियेनंतर अविवाहितांची लग्ने अधिक झाली आणि विवाहितांचे घटस्फोटही अधिक झाले, असे आढळले. माणूस बदलले की भोवतालची माणसे आपापल्या जागा शोधू लागतात. काहींना त्या सापडत नाहीत.

आता माझ्या थापेकडे येते. पित्ताशय काढलेल्या बाईने वर्ष उलटल्यावर सर्वांसारखे जेवावे, अशी नातेवाइकांची रास्त अपेक्षा असते. २०२३ च्या दिवाळीत वहिनींच्या जाऊबाई करंजी घेऊन समोर उभ्या राहिल्या. "आता काय झालंय तुला? वर्ष झालं की ऑपरेशनला! माझ्या हातची नको का?" आपल्या आग्रहाची ही रीत तुम्हांला ठाऊक आहेच, त्यात नकार हा पदार्थाला नसतो, हाताला असतो. वहिनींपाशी खरे कारण होते, पण ते उच्चारायची मी बंदी केली होती. त्यांनी करंजी खाल्ली, मग अनारसा खाल्ला, आणि पाऊण तास माजघरात घामाने निथळत पडून राहिल्या. बाहेर जाऊबाई म्हणत होत्या, "नाजूकपणा वाढलाय हो हल्ली."

हे एवढ्यावर भागते तर मी लेखणी उचलली नसती. त्याच हिवाळ्यात वहिनींचा गुडघा दुखावला. आमचे नेहमीचे डॉक्टर घरी आले. त्यांची पत्नी आणि जाऊबाई एकाच भिशीत. डॉक्टरांनी विचारले, "पूर्वी पोटाची काही तक्रार? ऑपरेशन वगैरे?" जाऊबाई उशाशी बसलेल्या. वहिनींनी माझ्याकडे पाहिले, दादाने माझ्याकडे पाहिले, आणि मी म्हटले, "पित्ताशय काढलंय, बाकी काही नाही." डॉक्टरांनी वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या, चांगल्या तीन आठवड्यांच्या. जठराची बायपास झालेल्या माणसाने नेमक्या याच जातीच्या गोळ्या घ्यायच्या नसतात. जठर आणि आतडे जिथे जोडलेले असते तिथे त्यांनी व्रण होतो. पुण्याहून दिलेल्या कागदावर हे ठळक अक्षरांत छापले होते. तो कागद कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून कपाटात साड्यांच्या तळाशी ठेवलेला होता. तिथे तो सुरक्षित राहिला.

विसाव्या दिवशी वहिनी न्हाणीघरात चक्कर येऊन पडल्या. चार दिवस शौचाला काळे होत होते, ते त्यांनी कोणाला सांगितले नव्हते. मिरजेला नेले, रक्ताच्या तीन बाटल्या चढल्या, घशातून दुर्बीण घालून वाहणारी जखम बंद केली. "आधी का सांगितले नाही?" असे तिथल्या तरुण डॉक्टरांनी दादाला विचारले, तेव्हा मी पलीकडच्या बाकावर बसले होते. जे मी केले त्याला दुर्दैव म्हणायची आपल्यात पद्धत आहे.

या रोगाची लाज राखण्यात जाहिरातवाल्यांचाही हात आहे. आधीचा आणि नंतरचा अशी दोन छायाचित्रे तुम्ही पाहिली असतील: डावीकडे एक ओशाळलेली बाई, उजवीकडे तीच बाई जुन्या सलवारीची कंबर हातभर ताणून हसते आहे. डावीकडची बाई म्हणजे लाज आणि उजवीकडची म्हणजे मुक्ती! पाचव्या वर्षीचे तिसरे छायाचित्र मी तरी कधी पाहिले नाही. काहींचे वजन तोवर थोडेफार परत आलेले असते. वर्तमानपत्रे तरी काय करतात? २०१७ च्या फेब्रुवारीत इजिप्तहून एक अतिशय स्थूल आणि आजारी स्त्री उपचारांसाठी मुंबईत आणली गेली. तिला क्रेनने कसे उचलले याची छायाचित्रे आपण चहाबरोबर पाहिली. त्याच वर्षी सप्टेंबरात ती अबुधाबीत वारली. ते वाचताना किती जणांनी चहाचा कप खाली ठेवला?

त्या मानाने आपले कोरडे विमाखाते शहाणे म्हणायचे. २०१९ साली विमा नियामकांनी नियम घालून दिला, की वजनाला उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा ४० किंवा त्याहून अधिक असेल, अथवा ३५ किंवा त्याहून अधिक असून जोडीला हृदयरोग किंवा काबूत न येणारा मधुमेह यांसारखे गंभीर दुखणे असेल, तर ही शस्त्रक्रिया विम्यातून सरसकट वगळता येणार नाही. वहिनींचा आकडा ४७ होता. आपल्याच देशातील तज्ज्ञांनी २००९ साली आपल्या शरीरांसाठी ३७.५ आणि ३२.५ असे खालचे आकडे सुचवले होते, म्हणजे नियम अजून परक्या मापाचाच आहे. तरीही लठ्ठपणा हा रोग आहे आणि त्यावरचा उपचार ही चैन नव्हे, एवढे सरकारी कागदाला समजले. ते आमच्या माजघराला समजले नव्हते.

मी या शस्त्रक्रियेची वकिली करीत नाही. तिच्यात धोका आहे. क्वचित मृत्यूही येतो. बायपासनंतर मद्य फार वेगाने चढते आणि काहींना त्याचे व्यसन जडते. मनाने आधीच खचलेल्यांना फार जपावे लागते. उलट बाजूला, स्वीडनमध्येच १९८७ साली सुरू झालेल्या प्रदीर्घ अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांचे मृत्यूचे प्रमाण, न झालेल्यांपेक्षा कमी आढळले. कोणी ती करावी आणि कोणी करू नये हे रोग्याने आणि डॉक्टरांनी ठरवावे. आता २०२५ पासून वजन उतरवणारी आठवड्याची इंजेक्शनेही आपल्याकडे मिळू लागली आहेत. ती घेणारेही फ्रिजमध्ये भाजीच्या पिशवीमागे लपवतात, असे परवाच एका मैत्रिणीने सांगितले. औषध नवे, कपाट तेच.

वहिनींचे वजन आज ७९ किलो आहे. सर्वांत खाली गेले तेव्हा ७४ होते. इन्शुलिन बंद आहे, मुखवटा माळ्यावर आहे. हा लेख छापायला देण्यापूर्वी मी त्यांना वाचून दाखवला. नाव घालायचे नाही, एवढी एकच अट त्यांनी घातली. मी म्हटले, "पण वहिनी, सांगलीत कोणाला कळायचं राहणार आहे?" त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "कळू दे की. जाऊबाईंना अंक मी स्वतःच नेऊन देणार आहे, वन्सं. तुम्ही फक्त त्या दिवशी माझ्याबरोबर या, आणि काही बोलू नका."