टक्का घसरला, मुलं वाढली

दर मे महिन्यात अमेरिकेतली लाखो शाळकरी मुलं ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ म्हणजे एपीच्या परीक्षांना बसतात. ‘कॉलेज बोर्ड’ या संस्थेच्या या परीक्षांचा अभ्यासक्रम कॉलेजच्या सुरुवातीच्या वर्गांच्या तोडीचा असतो, गुण १ ते ५. तीन मिळाले की पास धरतात. तिथल्या अनेक विद्यापीठांत तीन किंवा चारपासून पुढे क्रेडिट मिळतं आणि फीचे पैसे वाचतात, म्हणून न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांतही एपीची चर्चा नववीपासूनच सुरू होते. १९५०च्या दशकात मोजक्या हुशार मुलांसाठी निघालेली ही परीक्षा पुढे सर्वांसाठी खुली होत गेली आणि वाद सुरू झाला: दार उघडं टाकलं म्हणून दर्जा घसरला का?

आकडेच पाहू. सरकारी शाळांतून २००३ साली बाहेर पडलेल्या तुकडीतल्या सुमारे ५ लाख १४ हजार मुलांनी किमान एक एपी परीक्षा दिली होती. २०१३च्या तुकडीत हा आकडा १० लाखांवर गेला. परीक्षा देणाऱ्यांपैकी किमान एका विषयात तीन किंवा जास्त गुण मिळवणारे ६४.५ टक्क्यांवरून ६०.५ टक्क्यांवर आले. घसरण झालीच. पण अशा मुलांची संख्या ३ लाख ३२ हजारांवरून ६ लाख ७ हजारांवर गेली, आणि संपूर्ण तुकडीशी ताडून पाहिलं तर त्यांचं प्रमाण १२.२ टक्क्यांवरून २०.१ टक्के झालं. जुन्या हिशेबाने ज्यांना वर्गातच घेतलं नसतं, अशी लाखो मुलं कॉलेजच्या तोडीचा पेपर सोडवून गेली. चार टक्क्यांसाठी हळहळणाऱ्यांनी छेद कोणता धरला आहे, हे आधी तपासावं.

यावर आक्षेप येतो की नुसती गर्दी जमवणं म्हणजे शिक्षण नव्हे, आणि तो रास्त आहे. पत्रकार जे मॅथ्यूज यांच्या ‘चॅलेंज इंडेक्स’मध्ये शाळेचा क्रमांक मुलांनी किती परीक्षा दिल्या यावर ठरे, गुण कितीही पडोत. तयारीविना बसवलेल्या मुलाच्या पदरी ‘१’ पडला तर त्यात कसला आला पुरुषार्थ? पण तयारी करून घेतली तर काय होतं तेही पाहा: पूर्व लॉस एंजेलिसच्या गारफील्ड शाळेत १९८२ साली गणिताचे शिक्षक हायमे एस्कलांटे यांचे अठरा विद्यार्थी कॅल्क्युलसच्या एपीत पास झाले. बहुतेक मुलं कष्टकरी मेक्सिकन वस्तीतली. काही उत्तरपत्रिकांत सारख्याच चुका दिसल्या, म्हणून निकालावरच संशय घेतला गेला. बारा जणांनी पुन्हा पेपर दिला आणि बाराही पास झाले. त्यामागे बीजगणितापासून रचलेला पाया होता. दार उघडताना पायऱ्याही बांधाव्या लागतात, म्हणून दार बंद ठेवणं हा त्यावरचा उपाय नाही. फ्लोरिडात तीन किंवा जास्त गुण मिळवणाऱ्या प्रत्येक मुलामागे शिक्षकाला ५० डॉलर बोनस देण्याची तरतूद झाली. नापास झालेल्यामागे कपात नाही. अशा ठिकाणी कच्च्या मुलाला बाहेर ठेवून शिक्षकाचा काहीच फायदा नसतो.

पासाचा टक्का तसाही बेभरवशाचा. अमेरिकन इतिहासाच्या एपीत २०२३मध्ये तीन किंवा वर गुण मिळवणारे ४८ टक्के होते, २०२४मध्ये एकदम ७२. मुलं वर्षभरात इतकी हुशार झाली नव्हती. बोर्डाने गुणांच्या रेषा आखण्याची पद्धत बदलली होती.

आपल्याकडे एपीचं फारसं प्रस्थ नाही, पण टक्क्याची हाव तीच. दहावीचा निकाल शंभर टक्के लावायचा म्हणून कच्च्या मुलाला नववीतच अडवायचं, किंवा पालकांना बोलावून ‘१७ नंबरचा फॉर्म भरा’ असं सुचवायचं, म्हणजे तो खासगी विद्यार्थी ठरतो आणि शाळेच्या हिशेबातून जातो, ही युक्ती गावोगावच्या पालकांना ठाऊक आहे. यंदा शाळेच्या फाटकावर शंभर टक्क्यांचा फलक दिसला, तर पालकांनी एवढंच विचारावं: या तुकडीच्या नववीच्या हजेरीपटावर किती नावं होती?