ठोशाआधी दम



गेल्या हिवाळ्यात आमच्या वर्गातील एका चौदा वर्षांच्या मुलास बॉक्सिंग शिकण्याचा सल्ला आम्हीच दिला. मुलगा बुजरा, चारचौघांत मान वर करीत नसे. त्याच्या अंगी थोडा धीटपणा यावा, एवढाच आमचा हेतू. परंतु दुसऱ्याच आठवड्यात त्याला जोडीदारासमोर उतरविण्यात आले आणि तो दुखरे डोके व मळमळ घेऊन घरी परतला. त्याची आई आमच्याकडे येऊन एवढेच म्हणाली, "सर, तुम्ही सांगितलंत म्हणून पाठवला होता." डॉक्टरांच्या सांगण्यावरून विश्रांती घेऊन मुलगा बरा झाला. तथापि तेथे शिकवितात कसे, हे पाहावयास आम्ही एकदाही गेलो नव्हतो, ही चूक आमची. म्हणून आजचा विषय हा.

प्रौढ हौशी पुरुषांच्या सामन्यात 3 मिनिटांच्या 3 फेऱ्या असतात व मध्ये एकेक मिनिट विश्रांती. ऐकावयास हे थोडके वाटते. पण दम संपला की प्रथम हात खाली येतात आणि हात खाली आले की तोंड उघडे पडते. सबब नवशिक्याचा दम हीच त्याची पहिली ढाल होय. ती तयार होईपर्यंत त्याला कोणासमोर उभे करू नये.

निदान पहिले दोन महिने तरी तयारीस द्यावेत. आठवड्यातून तीन दिवस, रविवार, मंगळवार, गुरुवार, पुरेत. मधले दिवस व शब्बाथ विश्रांतीचे. स्नायू बळकट होतात ते विश्रांतीतच. आरंभी वीस मिनिटे संथ धावावे, इतके संथ की बरोबरच्याशी बोलता यावे. मग दोरीवरच्या उड्या: एक मिनिट उड्या, एक मिनिट विसावा, असे पाच वेळा, हळूहळू उड्यांची वेळ तीन मिनिटांपर्यंत न्यावी. त्यानंतर आपल्या तालमींतले जोर व बैठका. दहा-दहांनी आरंभ करावा. संख्येपेक्षा पाठ सरळ राहते की नाही, हे पाहावे.

शेवटी आरशासमोर हवेत ठोसे मारण्याचा सराव. ठोसा हाताचा दिसतो, पण त्याचे बळ टाचेतून निघून कमरेतून खांद्यात येते. हे अंगवळणी पडल्यावरच पट्ट्या बांधून, हातमोजे चढवून पिशवीवर हलके ठोसे मारावेत.

आपल्या या देशात उन्हाळा कडक. धावणे सकाळी लवकर अथवा सूर्यास्तानंतर करावे आणि पाणी वरचेवर प्यावे. वजन उतरविण्यासाठी रबरी कपडे घालून घाम काढणे घातक आहे.

आईबापांनी एक गोष्ट विसरू नये. डोक्यास मार लागून डोके दुखले, उलटी झाली किंवा मुलगा गोंधळल्यासारखा बोलू लागला, तर सराव त्याच क्षणी थांबवावा, डॉक्टरांस दाखवावे व त्यांच्या परवानगीवाचून पुन्हा उतरवू नये. शिरस्त्राणाने जखमा टळतात. आतील मेंदूस बसणारा हादरा टळतोच असे नाही.

लंडनचा यहुदी मुष्टियोद्धा दानिएल मेंडोझा (निधन 1836) आपल्याहून धिप्पाड गड्यांशी लढला, तो अंगबळावर नव्हे. चपळ पाय आणि सावध हात यांच्या जोरावर. त्याच्या काळी ठोसा मारण्याइतकेच तो चुकविणे हीही विद्या आहे, हे त्याने दाखविले.

आमचा विद्यार्थी डॉक्टरांच्या परवानगीने आता दुसऱ्या शिक्षकाकडे जातो. यावेळी आम्ही स्वतः जाऊन बाकावर बसून सर्व पाहिले. दहावा आठवडा चालू आहे. तो अजून दोरीवर उड्याच मारीत आहे आणि कंटाळल्याची तक्रार करतो. पण ती तक्रार तो मान वर करून करतो. त्याच्या आईस आम्ही तेवढेच कळविले आहे.