अटकेचे कारण कोणत्या भाषेत?

अटकेतील इसमास प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे, हा नियम नव्या शिपायास तोंडपाठ असावा, हे योग्यच. परंतु अटकेचे कारण त्या इसमास उमगले काय, हा प्रश्न आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. नागपूरच्या हरिकिसन यांस स्थानबद्धतेची कारणे इंग्रजीत देऊन त्यांनी मागितलेला हिंदी तर्जुमा नाकारण्यात आला. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती स्थानबद्धताच रद्द ठरविली. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने प्रत्येक अटकेची कारणे आरोपीस समजणाऱ्या भाषेत लेखी देण्याचे बंधन घातले. तातडीत तोंडी सांगितली तरी लेखी प्रत मॅजिस्ट्रेटपुढे नेण्यापूर्वी निदान दोन तास हाती पडावी. केवळ मराठी जाणणाऱ्यापुढे कानडी कागद सरकविणाऱ्या हवालदारास हे कोण शिकविणार?